चिनो बसून बघा: तीन पँटी, दहा महिने, पुणे

एप्रिल ते जानेवारी. तीन चिनो (ट्विल विणीच्या सुती पँटी), प्रत्येकी आठवड्याला साधारण दोनदा अंगावर, दर दोन-तीन वापरांनंतर धुलाई. पहिली खाकी: 98 टक्के कॉटन, 2 टक्के इलास्टेन (ताणणारा धागा), कापड 250 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम वजन) आसपास. दुसरी नेव्ही: 97-3, जरा हलकी. तिसरी फिकट दगडी रंगाची, शंभर टक्के कॉटन. ब्रँडची नावं मुद्दाम देत नाही. एकाच ब्रँडच्या दोन लॉटमध्ये कंबर अर्धा इंच इकडेतिकडे होते, त्यामुळे नावापेक्षा कापड आणि कट बघून घेतलेलं बरं.

ट्रायल रूममध्ये माणूस पोट आत घेऊन आरशासमोर उभा राहतो आणि तेवढ्यावर पँट घेतो. पुण्यात पँटीचं आयुष्य मात्र बसण्यात जातं. सकाळी स्कूटर, दिवसभर हिंजवडीतली खुर्ची, रविवारी कुणाकडे तरी सत्यनारायणाची सतरंजी, डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाची भारतीय बैठक. म्हणून ट्रायल रूममध्ये आधी उकिडवं बसावं, मग मांडी घालावी. मागे कंबरपट्टा पाठीपासून सुटून दोन बोटं आत जात असतील, तर आसन, म्हणजे जांघेतल्या शिलाईपासून कंबरेपर्यंतची उंची, कमी आहे. 32 कंबरेला पुढचं आसन 10 ते साडेदहा इंच हवं. 9 इंचांचं लो-राइज मांडी घातली की मागून घसरतं आणि मागे बसलेल्यांना नको ते दर्शन घडतं. उभं असताना बाजूचे तिरके खिसे कानांसारखे उघडे राहत असतील तर नितंबावर पँट तंग आहे. कंबर बरोबर असली तरी ती घेऊ नये, कारण तिथे सैल करायला कापडच नसतं. तयार चिनोची मागची शिलाई बहुतेकदा दुमडून पक्की केलेली असते. पँट उलटी करून आत किती कापड राखलंय ते दुकानातच बघावं.

उंचीची घाई करू नका. पँट आधी दोनदा धुवायची, मगच अल्टरला द्यायची. दगडी पँट पहिल्या दोन धुण्यांत अर्ध्या इंचाहून थोडी जास्त आटली, इलास्टेनवाल्या दोन्ही जेमतेम. लक्ष्मी रोडच्या आसपासचे अल्टरवाले काम पटकन करतात, पण ‘जास्तीचं कापू का?’ या प्रश्नाला ठाम नाही म्हणायचं. दीड इंच कापड आत राहू द्यायचं. माप देताना जे बूट रोज घालणार तेच पायात हवेत. उभं असताना पँट बुटाला जेमतेम टेकली पाहिजे. स्कूटरवर बसलं की ती दोन-तीन इंच वर चढतेच. बॉटम, म्हणजे पायाची मोहरी, सपाट मापून 7 ते साडेसात इंच ठेवला. साडेसहाला पोटरीवर अडकतो, आणि बसून उठलं की पँट वरच राहते, हाताने खाली ओढावी लागते. दुमडीवर मशीनची टीप दिसली तर पँट रोजची वाटते, आतून हाताची तुरपाई केली तर तीच ऑफिसची होते. नेव्हीला तुरपाई, बाकी दोघींना टीप, हा हिशेब जमला.

आता कुठे काय.

ऑफिसला नेव्ही, वर पांढरा किंवा फिकट निळा ऑक्सफर्ड शर्ट, तपकिरी डर्बी (लेसचे चामडी बूट) किंवा लोफर (बिनलेसचे), पट्टा बुटाच्या रंगाचा. क्लायंट मीटिंगला ब्लेझर घालायचा तर तो खाकी चिनोवर नेव्ही. नेव्हीवर नेव्ही घालू नका. दोन जवळजवळ सारखे निळे एकत्र आले की सूटचा अर्धा भाग लाँड्रीत हरवल्यासारखा दिसतो. खाकीवर काळे चकचकीत बूटही टाळावेत, लगेच गणवेश वाटतो.

मुंज, वास्तुशांत, साखरपुडा अशा सकाळच्या कार्याला दगडी चिनो, मांडीच्या मध्यापर्यंतचा शॉर्ट कुर्ता आणि कोल्हापुरी. गुडघ्याखाली जाणारा कुर्ता चिनोवर नको: खिशांच्या जागी फुगतो आणि चालताना पायात घोटाळतो. त्याला सरळ पायजमाच चांगला. जाकीट घालायचं तर नेव्ही चिनो, पांढरा कुर्ता, वर मातकट किंवा गडद हिरवं जाकीट. संध्याकाळच्या रिसेप्शनला मात्र चिनो चालत नाही, कितीही इस्त्री करा. मांडवातल्या दिव्यांत सुती कापड कोरडं दिसतं, आणि शेजारचा सूटवाला आपल्याला केटररचा माणूस समजतो.

रविवारी एफसी रोडला पोलो आणि पांढरे स्नीकर्स पुरेत. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

बैठकीत शंभर टक्के कॉटनवाली हरली. तीन तास मांडी घातल्यावर जांघेत उभ्या चुण्या आणि गुडघ्याला टोपी, म्हणजे फुगवटा. धुतली की पुन्हा सरळ होते, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. इलास्टेनवाल्यांचं उलट आहे: पहिले सहा महिने गुडघा लगेच जागेवर येतो, पण आतला ताणणारा धागा उष्णतेने एकदा मेला की ढिला गुडघा धुऊनही जात नाही. नेव्हीचा उजवा गुडघा सातव्या महिन्यापासून तसाच आहे.

याचं कारण बहुधा कोपऱ्यावरची कोळशाची इस्त्री. तिला तापमानाचं बटण नसतं. घरी इलास्टेनच्या पँटीला दोन ठिपक्यांवर, म्हणजे साधारण 150 अंशांवर, उलटी करून इस्त्री करावी. बाहेर द्यायचीच तर ‘भाऊ, उलटी करून, ओलं फडकं टाकून’ असं सांगावं. नाहीतर गडद रंगावर खिशांच्या कडा आणि शिलाया चकाकायला लागतात, आणि ती चकाकी पुरती जात नाही. आणखी एक सांगायचं, मधली क्रीज नको. इस्त्रीवाले ती सवयीने पाडतात, आणि महिन्याभरात तिथला रंग घासून पांढरी रेघ उमटते. क्रीज फक्त ऑफिसच्या नेव्हीला ठेवा, तीही पाडायची तर कायम त्याच रेषेवर.

पावसाळा हा वेगळाच विषय. जून ते सप्टेंबर दगडी पँट कपाटातच बरी. मागच्या चाकाचा चिखल पोटरीवर उडतो, तो ओला असताना अजिबात चोळायचा नाही. वाळू द्यायचा, ब्रशने झटकायचा, मग धुवायचा. चोळलं की माती विणीत बसते. रेनकोटची पँट चढवण्याआधी चिनो दोनदा दुमडून घ्यायची, नाहीतर ओला बॉटम दिवसभर घोट्याला चिकटतो. 1846 साली पेशावरला उभ्या राहिलेल्या ब्रिटिशांच्या गाइड्स पलटणीने धुळीत मिसळून जाण्यासाठी खाकी रंग घेतला, असं सांगतात. सिंहगड रोडच्या धुळीतही तो तितकाच उपयोगी पडतो. तिन्हींत सर्वात कमी मळलेली दिसते ती खाकीच.

डागांचंही थोडं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, घाबरू नये. धुऊन ओली पँट उन्हात टाकावी, उन्हाने हळद दोन-तीन दिवसांत फिकी पडते. एवढा एक अपवाद सोडला तर गडद चिनो सावलीत, उलटी करूनच वाळवावी. गुलाल पडला तर आधी कोरडाच झटकायचा. पाणी लावलं की तो पसरतो. विसर्जनाला जुनी पँट काढावी हे खरं म्हणजे सांगायलाही नको. चेनच्या ग्रीसवर आधी टाल्कम पावडर, अर्ध्या तासाने भांड्यांचं लिक्विड, मग धुणं. खाकीला ‘जास्त पांढरेपणा’ देणारी पावडर वापरू नका. तिच्यातल्या चकाकीच्या रसायनाने खाकी उन्हात निळसर-मळकट दिसते.

दहा महिन्यांनी स्थिती अशी: खाकी उत्तम, फक्त मागच्या खिशाच्या कोपऱ्यावर पाकिटाचा चौकोन उमटलाय. दगडी अजून लेकराबाळांच्या कार्यांना चालेल. नेव्ही जांघेत विरळ झाली आहे, रोज स्कूटर चालवणाऱ्याची पँट तिथूनच जाते. भोक पडायच्या आधी आतून त्याच रंगाचं पातळ कापड लावून घेतलं तर आणखी एक हंगाम निघतो. भोक पडल्यावर रफू होतो, पण पहिल्याच किकला पुन्हा उसवतो.

पुढची नेव्ही घेताना इलास्टेन 2 टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि कापड 240 जीएसएमच्या खाली नको.