छतावरचा नंबर बघून भाळलो

एका गाडीत मी कसा फसलो हे लिहायचं दोन वर्षं टाळत होतो कारण लाज वाटत होती, अजूनही वाटते. पण मागच्या महिन्यात ओळखीतला एक पोरगा तसलीच गाडी बघायला निघाला आणि मला म्हणाला, "दादा, छतावर नंबर आहे म्हणजे ओरिजिनलच असणार ना?" म्हटलं आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

आधी गाडी कोणती ते सांगतो. मिनी कूपर एस या छोट्या गाडीची जॉन कूपर वर्क्स जीपी (थोडक्यात जीपी), म्हणजे वजन कमी आणि ताकद जास्त अशी खास आवृत्ती, २००६ ची, पहिली वाली. जगात फक्त २००० बनल्या. रंग एकच, गडद निळा, छत चंदेरी, आरसे लाल. मागे सीटच नाहीत, त्या जागी एक लाल आडवा बार. १.६ लिटरचं सुपरचार्जरवालं (म्हणजे जास्त हवा आत दाबणारा पंप लावलेलं) इंजिन, २१८ हॉर्सपॉवर, आणि गाडीचं शेवटचं काम इटलीत तुरिनला बर्टोने या गाड्या बनवणाऱ्या कंपनीकडे झालेलं. प्रत्येक गाडीच्या छतावर तिचा नंबर, म्हणजे २००० पैकी कितवी तो. नंतर २०१२-१३ ला दुसरी जीपी आली, तीही २००० च, आणि २०२० ला तिसरी, ३०००, तिला ३०६ हॉर्सपॉवर. पण माझा जीव पहिलीवरच. दहा वर्षं तिच्याबद्दल मिळेल ते वाचत होतो, बायको म्हणायची एवढा अभ्यास शाळेत केला असता तर.

आणि खरं सांगू का, हा अभ्यासच नडला. ज्याला काही माहीत नसतं तो चार लोकांना विचारतो, मी कुणालाच विचारलं नाही.

जाहिरातीत जीपी हा शब्दच नव्हता. "मिनी कूपर एस, निळी, मागच्या सीट काढलेल्या" एवढंच. फोटो पाच, तेही वेडेवाकडे, अंधारात काढलेले, आणि एका फोटोत अगदी कोपऱ्यात छताची कड दिसत होती आणि त्यावर नंबराचा शेवटचा आकडा. बस, मी उडालोच. मला वाटलं या माणसाला आपण काय विकतोय तेच माहीत नाही. किंमत पण बरोब्बर मधली, साध्या कूपर एसपेक्षा चांगलीच वर आणि खऱ्या जीपीपेक्षा खूप खाली. आता कळतं की ती किंमत किती विचार करून ठेवली होती. साध्या गाडीची लावली असती तर मला संशय आला असता, जीपीची लावली असती तर मी कागद मागितले असते.

म्हणजे बघा, मी तिथे गेलो तोच मनात चोर घेऊन गेलो, की आपण या बिचाऱ्याकडून हिरा काचेच्या भावात उचलतोय.

माणूस पन्नाशीचा, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, बोलायला एकदम मवाळ. "पुतण्याची गाडी आहे, तो बाहेर गेला, मला यातलं काही कळत नाही हो. तुम्ही जाणकार दिसता, तुम्हीच सांगा काय आहे ते." आणि मी सांगितलं! अर्धा तास त्या माणसाला त्याच्याच गाडीवर लेक्चर दिलं, बार काय, चाकं काय, मागचा स्पॉयलर काय, फक्त जीपी हा शब्द तेवढा गिळला, भाव वाढवेल म्हणून. तो मान डोलवत होता, मधेच "असं होय" म्हणत होता. त्याने एकही खोटं वाक्य बोलायची वेळच मी येऊ दिली नाही, सगळं काम मीच केलं.

इंजिन मी पोचलो तेव्हा आधीच गरम होतं. बॉनेटला हात लावला होता मी, चटका बसला, तरी डोक्यात काही पेटलं नाही, की थंड इंजिन सुरू करताना कळणारे दोष लपवायला ते आधीच गरम केलं असेल. चालवताना सुपरचार्जरचा आवाज जरा जास्तच येत होता आणि मी खूश, म्हटलं जीपीला इन्शुलेशन कमी असतं म्हणून येत असेल. पाच वाजता दुसरी पार्टी येणार आहे असं त्याने सहज बोलल्यासारखं सांगितलं. साडेचारला मी पैसे ट्रान्सफर केले.

चेक काहीच केलं नाही असं नाही हां. चेसिस नंबर पेपरशी ताडून बघितला, जुळला. जुळणारच की, गाडी चोरीची थोडीच होती, कागदावर जी होती तीच समोर होती. पेपरवर मॉडेल फक्त "कूपर एस" होतं, तर तो म्हणाला या सगळ्या गाड्यांना तसंच लिहून येतं, आणि मला ते पटायचंच होतं म्हणून पटलं. त्या नंबराची गाडी फॅक्टरीतून कशी म्हणून बाहेर पडली हे बघायला हवं होतं, ते मी बघितलंच नाही. चेसिस नंबरची शेवटची सात अक्षरं दिली की कुठल्या रंगात, काय काय लावून गाडी बनली त्याची पूर्ण यादी निघते, डीलरकडे निघते. दहा मिनिटांचं काम. दहा वर्षं वाचणाऱ्या माणसाने ती दहा मिनिटं दिली नाहीत.

तीन आठवडे मी हवेत होतो. मग व्हील अलाइनमेंटला गाडी नेली. गाडी लिफ्टवर, मेकॅनिक खाली उभा राहून मागची चाकं बघतोय, त्याच्या हातात नटबोल्ट ठेवायची ती चुंबकवाली थाळी. हात मोकळा करायला त्याने ती थाळी सहज मागच्या सस्पेन्शनच्या आर्मला लावली. टक्क. चिकटली. तो आपला पुढच्या कामाला लागला आणि मी त्या थाळीकडे बघत उभा. कारण जीपीचे मागचे आर्म ॲल्युमिनियमचे असतात, वजन कमी करायला दिलेले, साध्या कूपर एसला लोखंडी. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे पाचवीतल्या पोराला पण माहीत असतं. मी त्याला म्हटलं थाळी काढून परत लाव. त्याला वाटलं मला वेड लागलंय. परत टक्क.

तरी मन मानेना. म्हटलं आधीच्या मालकाचा कुठेतरी ॲक्सिडेंट झाला असेल, आर्म बदलले असतील, मिळेल ते बसवलं असेल. माणूस स्वतःलाच कसा वकील लावतो बघा. मग बॅटरी काढली, कूपर एसची बॅटरी मागे डिकीत असते, आणि तिच्या ट्रेखाली बोटभर जागेत रंग दिसला. पिवळा. चक्क लिंबासारखा पिवळा. आणि जीपी फॅक्टरीतून निळ्याशिवाय दुसऱ्या रंगात निघालीच नाही. त्यानंतर मागचं कार्पेट उचललं तर सीट अडकवायचे हूक ग्राइंडरने कापलेले, कडा नीट घासल्या पण नव्हत्या, माझं बोट कापलं त्यावर.

डीलरकडून यादी काढली, सात अक्षरं देऊन. साधी कूपर एस, पिवळी, मागच्या सीट आहेत. साधी म्हणजे १७० हॉर्सपॉवरची, जॉन कूपर वर्क्सचं ताकद वाढवणारं किट पण नाही. आणि सुपरचार्जरचा तो आवाज, ज्यावर मी खूश होतो, तो त्याच्या गिअरच्या बाजूचं ऑइल संपत आल्याचा होता. या इंजिनात पाण्याचा पंप पण सुपरचार्जरवरच फिरतो, म्हणजे एक गेलं की दुसरं जातं, आणि तिथपर्यंत हात पोचवायला गाडीचं पुढचं अख्खं तोंड पुढे ओढावं लागतं. त्या खर्चाचं नाव काढत नाही.

फोन केला तर उचलला त्याने, हे विशेष. आवाज तसाच मवाळ. "मी कधी म्हटलं का तुम्हाला, की ही अमुक गाडी आहे? मेसेज काढून बघा." काढून बघितले. त्रेचाळीस मेसेज, त्यात जीपी हा शब्द तीनदा आलेला, तीनही वेळा माझ्याकडून, सौदा झाल्यावर, जीपी मिळाली म्हणून आनंदात पाठवलेले. त्याच्याकडून नुसता अंगठा. पावतीवर "मिनी, निळी, आहे त्या स्थितीत". वकिलाने पावती बघितली, मेसेज बघितले आणि चहा मागवला, त्यावरूनच समजलो.

आता तसल्या गाडीच्या मागे असाल तर माझ्याकडून एवढं घ्या. स्टिकर, बार, चाकं, स्पॉयलर, लाल आरसे, नंबराची पट्टी, हे सगळं विकत मिळतं आणि जे विकत मिळतं ते बघून काहीच सिद्ध होत नाही. सात अक्षरांची यादी आधी, गाडी बघायला जाणं नंतर. खिशात एक चुंबक ठेवा, फ्रिजवरचा पण चालेल. विकणाऱ्याला मेसेजवर सरळ विचारा, "ही ओरिजिनल जीपी आहे का, हो की नाही", आणि त्याने गोल गोल उत्तर दिलं तर तेच उत्तर समजा. गाडी थंड असताना स्टार्ट करायला मिळाली पाहिजे. आणि तोंड बंद ठेवा राव, आपल्याला काय माहीत आहे ते त्याला सांगायला आपण गेलेलो नसतो.

मिनीपुरतंच नाही हे. रेनॉ क्लिओ १८२ ट्रॉफी घ्या, फक्त ५५० बनल्या, ५०० ब्रिटनसाठी आणि ५० स्वित्झर्लंडसाठी. तिची खरी किंमत तिच्या साक्स कंपनीच्या डॅम्परमध्ये, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरमध्ये. डॅम्पर काढून साधे बसवले तर नंबरप्लेट, रंग, पेपर सगळं खरं राहतं आणि गाडीतला जीव मात्र गेलेला असतो. म्हणजे माझ्या उलटा प्रकार, माझ्या गाडीत जीव नव्हता म्हणून वरून कपडे चढवले होते. अशा वेळी यादी काढून पण उपयोग नाही, खाली झोपून बघावं लागतं.

छतावरचा नंबर मी स्वतः हेअर ड्रायर लावून सोलून काढला. जुनं स्टिकर निघालं की खालचा रंग आजूबाजूपेक्षा ताजा दिसतो, ऊन लागलेलं नसतं ना. इथे खाली सगळं सारखंच उडालेलं होतं. स्टिकर माझ्यासाठीच लावलं असावं, फार तर महिनाभर आधी.

शेवटी गाडी दुरुस्त करून विकायला काढली. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं, साधी कूपर एस, रंग बदललेला, मागच्या सीट कापून काढल्यात, जीपी नाही. पहिलाच जो बघायला आला तो तिशीतला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, लाल बारला हात लावला, छताकडे बघितलं आणि मला म्हणाला, "तुम्हाला या गाडीबद्दल फारसं माहीत नसेल ना?" मी म्हटलं अरे बाबा, ही जीपी नाहीये, जाहिरातीत लिहिलंय, यादी दाखवतो. तो हसला. ते हसू मी चांगलं ओळखतो. यादी न बघताच म्हणाला, "हो हो, ठीक आहे, शेवटचे किती घ्याल?"

त्याला खाली बसवून चुंबक हातात दिला.