फ्लिप टर्न मोबाईलवर मोजतोय, काही महिन्यांचा अनुभव

लेक २५ मीटरच्या टँकमध्ये फ्रीस्टाइलचा सराव करते. तिथे ४०० मीटर मारायचं तर १५ टर्न (भिंतीजवळ पाण्यात गुलांटी मारून पायाने भिंत ढकलत उलटं फिरणं, हाच फ्लिप टर्न) येतात, ५० च्या टँकमध्ये तेच ७, त्यामुळे टर्न सुधारला की टायमिंगमध्ये लगेच दिसतं. मनगटावरचं स्विम वॉच बरेच दिवस वापरलं, लॅपचा वेळ ते नीट देतं पण वेळ नेमका टर्नमध्ये गेला की पोहण्यात हे काही कळत नाही, म्हणून शेवटी ट्रायपॉड घेतला आणि फोनचा स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर लावला.

बॅकस्ट्रोकचे फ्लॅग (पाठीवर पोहणाऱ्यांना भिंत जवळ आल्याचं कळावं म्हणून टँकवर आडव्या टांगलेल्या पताका) भिंतीपासून ५ मीटरवर असतात, ट्रायपॉड बरोब्बर त्या रेषेत लावायचा आणि मग हलवायचा नाही. डोकं फ्लॅगखालून आत जातं ती फ्रेम, पाय भिंतीला लागतात ती, पाय सुटतात ती आणि डोकं परत फ्लॅगखाली येतं ती, अशा चारच फ्रेम शोधायच्या. एक फ्रेम म्हणजे साधारण ०.००४ सेकंद, हातातल्या स्टॉपवॉचने हे जमणंच शक्य नाही.

खरी मजा वेळ तोडून बघण्यात आहे. एकूण वेळ तोच असला तरी कधी आत येतानाच ती ढिली पडलेली असते, कधी भिंतीवरून निघताना. भिंतीवर पाय कमीत कमी वेळ टेकावेत असं मला वाटायचं, पण तिचे सगळ्यात कमी वेळ टेकलेले टर्न बघितले तर बाहेर येताना ती हळू निघालेली दिसते, कारण गुडघे पुरेसे वाकलेलेच नसतात आणि मग ढकलायला जोर कुठून येणार! सरांना व्हिडिओ दाखवला, त्यांनी भिंतीच्या थोडं जवळ जाऊन गुलांटी मारायला लावली. दुसरं म्हणजे भिंत सोडल्या सोडल्या किक सुरू व्हायची, आता स्ट्रीमलाइन (हात डोक्यापुढे ताणून अंग सरळ) धरून जरा थांबते, वेग उतरायला लागला की डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून लाटेसारखी मारलेली किक). ५ मीटर आत ५ मीटर बाहेर आधी ६.४ सेकंदांच्या आसपास यायचं, आता ५.९ येतं, आणि हे दमवणाऱ्या सेटच्या (ठरावीक अंतरं ओळीने पोहण्याच्या सरावाच्या) शेवटीसुद्धा टिकतंय याचा मला जास्त आनंद आहे.

त्रास पण आहे. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात २४० फ्रेमला व्हिडिओ लुकलुकतो, आपली वीज ५० हर्ट्झची त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, ते सगळं त्यात उतरतं. सकाळचा उजेड बेस्ट, पण ऊन तिरपं असेल तर पाणी चमकतं आणि पाण्याखालचं डोकं दिसत नाही, म्हणून कॅमेऱ्याजवळचीच लेन घ्यायची. आणि टँकवर शूटिंगची परवानगी आधी मागा, बाकीची पोरं फ्रेममध्ये येतात, पालकांना विचारल्याशिवाय ट्रायपॉड उभा करणं बरोबर नाही. आम्ही बॅच सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं मागून घेतली आहेत.

रोज मोजू नका, फ्रेम शोधण्यात खूप वेळ जातो. आठवड्यातून एकदा, एकाच लेनमध्ये, सेटच्या सुरुवातीचे दोन आणि शेवटचे दोन टर्न, एवढं पुरतं.