सॉनी क्लार्कची ‘कूल स्ट्रटिन’: एका रेकॉर्डचा अभिप्राय

सीताबर्डीतील एका छोट्या दुकानातून मागवलेली ही नव्याने काढलेली रेकॉर्ड चार हजारांच्या घरात पडते, तरीही हार्ड बॉपची (ब्लूजचा रंग असलेल्या जॅझ शैलीची) आवड असणाऱ्याने ती निःसंकोच घ्यावी. ५ जानेवारी १९५८ रोजी न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा पियानोवादक सॉनी क्लार्क अवघा २६ वर्षांचा होता. पेनसिल्व्हेनियातील खाणकामगारांच्या वस्तीत जन्मलेला हा कलावंत कॅलिफोर्नियामार्गे १९५७ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीचा भरवशाचा वादक ठरला. परंतु हेरॉइनने पोखरलेले त्याचे आयुष्य जानेवारी १९६३ मध्ये, ३१व्या वर्षीच संपले. मन हळहळते.

शीर्षकरचना संथ चालीची ब्लूज (आफ्रिकी-अमेरिकी लोकसंगीतातून आलेली रचना) आहे. तिच्यात क्लार्कचा उजवा हात एकेका स्वराची लांबलचक, नितळ ओळ गुंफतो, तर डावा हात मोजकेच कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) देऊन बाजूला होतो. हा संयम मला वेगवान वादनापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. जॅकी मॅक्लीनचा काहीसा तिखट सॅक्सोफोन आणि पॉल चेंबर्सचा भरदार बास या प्रतीत अगदी स्वच्छ उमटतात. ‘डीप नाइट’ या रचनेच्या आरंभी मात्र माझ्या प्रतीत किंचित खरखर आहे. वेष्टन मजबूत आहे. तरी नागपूरच्या मे महिन्यात रेकॉर्ड वाकू नये म्हणून ती उभीच आणि उन्हापासून दूर ठेवावी.