बिनस्टॉल, ब्रू, ॲप्ट की ईगेट? तयार बायनरी कुठून घ्यायची

रिपग्रेप (फाइलींतला मजकूर शोधणारं), बॅट, एफडी ही टर्मिनलवरची टूल्स रस्ट या भाषेत लिहिलेली आहेत, पण वापरणाऱ्यांपैकी कित्येकांनी रस्टची एक ओळही लिहिलेली नसते. तरी अशा टूलच्या रीडमीत हमखास सल्ला असतो: ‘कार्गो इन्स्टॉल अमुकतमुक’. कार्गो म्हणजे रस्टचा पॅकेज मॅनेजर. ही कमांड दिली की सोर्स कोड उतरतो, मागोमाग त्याच्या डिपेंडन्सी, म्हणजे त्याला लागणाऱ्या लायब्ररी, उतरतात आणि तुमचं मशीन ते सगळं कंपाइल करत बसतं. चांगल्या लॅपटॉपवर हे खपून जातं. एक जीबी रॅमच्या भाड्याच्या सर्व्हरवर मात्र मोठं टूल लिंक होता होता मेमरी संपते, कर्नल प्रोसेस मारून टाकतो आणि स्क्रीनवर ‘सिगकिल’ एवढंच उरतं.

म्हणून तयार बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल करून ठेवलेली, थेट चालणारी फाइल. ती आणायचे मार्ग बरेच आहेत आणि वरवर सगळे सारखेच वाटतात: एक कमांड, थोडं डाउनलोड, झालं. पण एकच रिपग्रेप वेगवेगळ्या मार्गांनी आणून पाहा, हाती येणारी वस्तू वेगवेगळी असते. ती कुणी बांधली, सोबत काय आलं आणि उद्या नवी आवृत्ती आल्यावर ती कोण बदलणार, हे तीन प्रश्न प्रत्येक मार्गाला विचारले की निवड बरीच सोपी होते.

कार्गो बिनस्टॉल

रस्टची टूल्स वरचेवर लागत असतील तर माझी पहिली पसंती याला. बिनस्टॉल क्रेट्स डॉट आयओवरून, म्हणजे रस्टच्या पॅकेजेसच्या (त्यांना क्रेट म्हणतात) भांडारातून, पॅकेजची माहिती वाचतं, त्यातला रेपोचा (कोडच्या साठ्याचा) पत्ता घेतं आणि गिटहबवरच्या रिलीजमध्ये तुमच्या मशीनला जुळणारी फाइल शोधतं. फाइलींची नावं रूढ साच्यातली असतील तर लेखकाला वेगळं काही करावं लागत नाही. नसतील तर त्याने कार्गो डॉट टॉमलमध्ये डाउनलोडच्या पत्त्याचा साचा लिहून ठेवायचा. तिथे काही मिळालं नाही, तर बिनस्टॉल क्विकइन्स्टॉलकडे वळतं. हा वेगळाच प्रकल्प आहे. लोकप्रिय क्रेट्स तो स्वतःच्या व्यवस्थेत बांधून ठेवतो. तिथेही नसेल तर शेवटी गाडी कार्गो इन्स्टॉलवर, म्हणजे पुन्हा कंपाइलवर.

या तीन पायऱ्यांतली कुठली वापरली गेली, हे बिनस्टॉल सांगतं, पण एका ओळीत. पॅकेज ‘गिटहब डॉट कॉमवरून उतरवलं’ किंवा ‘थर्ड पार्टी सोर्स क्विकइन्स्टॉलवरून उतरवलं’, अशा अर्थाची ती ओळ असते. खाली कुठली फाइल कुठे जाणार ते दिसतं आणि मग हो की नाही असा प्रश्न येतो. एंटर दाबायच्या आधी ती ओळ वाचा. लेखकाने बांधलेली बायनरी आणि तिऱ्हाइताने बांधलेली बायनरी यांत फरक आहे, तिऱ्हाईत कितीही सज्जन असला तरी. स्क्रिप्टमध्ये ‘-वाय’ लावलं की हा प्रश्नच येत नाही, म्हणून तिथे ‘--डिसेबल-स्ट्रॅटेजीज’ देऊन क्विक-इन्स्टॉल आणि कंपाइल हे दोन्ही बंद करावेत. मग एकतर लेखकाची बायनरी मिळते, नाहीतर स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबते. अर्धा तास गुपचूप कंपाइल करत बसण्यापेक्षा थांबलेलं बरं.

बिनस्टॉलची मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे ते आपली नोंद कार्गोच्याच वहीत करतं. ‘कार्गो इन्स्टॉल --लिस्ट’मध्ये टूल दिसतं, ‘कार्गो अनइन्स्टॉल’ने निघतं. कार्गो-अपडेट हे पूरक टूल टाकलंत तर अपडेट करताना तेही मशीनवरचं बिनस्टॉल वापरतं. मात्र अपडेटची कमांड तुम्हीच द्यायची. आपणहून काही होत नाही. अजून एक: कुठलं क्रेट, कुठली आवृत्ती, कुठलं टार्गेट (मशीनचा प्रकार) एवढी माहिती बिनस्टॉल क्विकइन्स्टॉलला कळवतं. नको असेल तर ‘--डिसेबल-टेलिमेट्री’ आहे.

सोबत काय येतं? फक्त बायनरी. रिपग्रेपच्या रिलीजमधल्या गाठोड्यात मॅन पेज (टूलची माहितीपुस्तिका) आणि शेलची कम्प्लिशन्सही (टॅब दाबल्यावर कमांड पुरी करणाऱ्या फाइली) असतात, पण बिनस्टॉल त्यातली आरजी, म्हणजे रिपग्रेपची कमांड, ही एकच फाइल उचलतं. आवृत्ती 14 पासून ‘आरजी --जनरेट’ने ती हाताने काढता येतात, प्रत्येक टूलमध्ये अशी सोय असेलच असं नाही.

फीचर्सचं, म्हणजे कंपाइल करताना चालू-बंद करायच्या जादा सोयींचं, प्रकरण मात्र उलटसुलट आहे. साधं ‘कार्गो इन्स्टॉल रिपग्रेप’ केलं तर पीसीआरई2 (जास्त ताकदीचे पॅटर्न समजणारी लायब्ररी) चालू नसतं. ‘आरजी -पी’ (कॅपिटल पी) देऊन लुक-अराउंडचा, म्हणजे आजूबाजूचा मजकूर बघून जुळवणारा, पॅटर्न शोधायला गेलात की ‘या बिल्डमध्ये पीसीआरई2 नाही’ असं उत्तर मिळतं. गिटहबवरच्या तयार बायनरीत ते असतं. म्हणजे इथे स्वतः घाम गाळून कंपाइल केलेलं टूल तयार मालापेक्षा कमी ताकदीचं निघतं. पण तुम्हाला हवं ते फीचर लेखकाने रिलीजमध्ये घातलेलंच नसेल, तर बिनस्टॉलचा उपयोग नाही. तिथे ‘--फीचर्स’ देऊन कंपाइल करणं आलं, आणि मग ‘--लॉक्ड’ विसरू नका. नाहीतर लेखकाने तपासलेल्या डिपेंडन्सी सोडून कार्गो त्यांच्या नव्यात नव्या आवृत्त्या उचलतो आणि काल झालेला बिल्ड आज अडतो.

ॲप्ट

सर्व्हरवर मी आधी ॲप्टकडेच, म्हणजे डेबियन-उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरकडेच, बघतो. बायनरी डेबियनने किंवा उबुंटूने बांधलेली, पॅकेजच्या याद्या सहीशिक्क्याच्या, मॅन पेज जागच्या जागी आणि अपडेट बाकीच्या सिस्टिमबरोबर. किंमत मोजायची ती जुन्या आवृत्तीची. डेबियन 12 जून 2023 मध्ये रिपग्रेप 13 घेऊन आलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रिपग्रेप 14 आलं, पण डेबियन 12 वर 13 च राहिलं. स्थिर वितरणाचा स्वभावच तो.

नावांची गंमत वेगळीच. ‘ॲप्ट इन्स्टॉल बॅट’ केलं आणि ‘बॅट’ टाइप केलं तर कमांड सापडत नाही. ते नाव आधीच दुसऱ्या पॅकेजच्या वाट्याला गेल्याने डेबियनमध्ये ती कमांड ‘बॅटकॅट’ आहे. तसंच एफडी हे ‘एफडीफाइंड’ झालं. एलियस टाकून काम भागतं, पण दुसऱ्या मशीनवर लिहिलेली स्क्रिप्ट इथे आपटते.

होमब्रू

मॅकवर फार विचार करू नका, ब्रूच घ्या. त्यांच्या बाटल्या, म्हणजे आधीच बांधलेली पॅकेजेस, होमब्रूच्या स्वतःच्या सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेवर) तयार होतात, प्रत्येकीचा चेकसम (फाइल बदलली नाही ना हे तपासायचा आकडा) फॉर्म्युल्यात, म्हणजे पॅकेजच्या कृतीत, असतो आणि मॅन पेज, कम्प्लिशन्स सगळं सोबत येतं. लिनक्सवरही ब्रू चालतं, पण एका छोट्या टूलसाठी तिथे वेगळा संसार थाटायला माझं मन होत नाही. विशिष्ट जुनी आवृत्ती हवी असेल तर ब्रू तुमच्याशी भांडेल. तो मार्ग त्यांनी मुद्दामच अवघड ठेवलाय असं वाटतं.

ईगेट आणि मीस

टूल रस्टचं नसून गोचं असेल, समजा एफझेडएफ किंवा लेझीगिट, तर बिनस्टॉलचा संबंधच नाही. ईगेटला गिटहबवरचं मालकाचं आणि रेपोचं नाव द्या. ते ताजं रिलीज शोधतं, तुमच्या मशीनची फाइल निवडतं, सोडवतं आणि बायनरी ठेवतं. एकापेक्षा जास्त फाइली जुळल्या तर विचारतं. काय टाकलं याची पॅकेज मॅनेजरसारखी वही मात्र ठेवत नाही. काढायचं तर नाव सांगून स्वतःच काढायचं. शिवाय टोकन (तुमच्या खात्याची गुप्त किल्ली) न देता गिटहबच्या एपीआयला एका आयपीवरून तासाला 60 च विनंत्या करता येतात. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसात सगळे एकाच पत्त्याआड बसलेले असतात, तिथे ही मर्यादा बघता बघता संपते. टोकन देऊन मोकळं व्हावं.

मीस निवडायचं ते टीमसाठी. प्रोजेक्टमध्ये एक कॉन्फिग फाइल, तीत टूलचं नाव आणि आवृत्ती, आणि सगळ्यांकडे तेच. एकट्याच्या लॅपटॉपवर एवढं सगळं लागत नाही.

जुना सर्व्हर आणि जीलिबसी

तयार बायनरी अडते ती बहुधा इथे. जीलिबसी ही लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅम्सना लागणारी मूळ लायब्ररी. उबुंटू 20.04 वर जीलिबसी 2.31 आहे, 22.04 वर 2.35. नव्यावर बांधलेली बायनरी जुन्यावर चालवली की ‘जीलिबसी 2.34 सापडलं नाही’ छापाचा संदेश येतो. सिस्टिमचं जीलिबसी बदलायच्या फंदात अजिबात पडू नका. मसलवर (जीलिबसीला पर्यायी लायब्ररीवर) बांधलेली स्टॅटिक, म्हणजे लागणारं सगळं पोटात असलेली, बायनरी घ्या: बिनस्टॉलला ‘--टार्गेट्स’मध्ये मसलचं टार्गेट द्या, ईगेटला ‘--ॲसेट मसल’. ॲप्टवाल्यांना हा प्रश्न पडत नाही.

भरवसा

‘मी स्वतः कंपाइल करतो, म्हणून सुरक्षित’ हे मला पटत नाही. कंपाइल होताना बिल्ड स्क्रिप्ट तुमच्याच मशीनवर हवं ते चालवू शकते आणि ती वाचून बघणारे किती? दुसऱ्या बाजूने, रिलीजमध्ये ठेवलेली वस्तू रेपोतल्या कोडसारखीच असेल याचीही हमी नाही. मार्च 2024 मध्ये उघड झालेल्या एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या टूलच्या प्रकरणात मागचं दार उघडणारी मेख रिलीजच्या टारबॉलमध्ये (कोडच्या गाठोड्यात) होती, गिटमध्ये ती तशी नव्हती. त्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांत पोचल्या, स्टेबलमध्ये नाही. सर्व्हरवर ॲप्टचा संथपणा मी आनंदाने सोसतो तो यामुळे.

बायनरीशेजारी ठेवलेल्या चेकसमवरही फार विसंबू नये. डाउनलोड अर्धवट झालं नाही एवढं त्यातून कळतं. कुणी लेखकाचं खातंच बळकावलं तर तो दोन्ही फाइली बदलेल. बिनस्टॉलला मिनीसाइन या टूलने केलेल्या डिजिटल सह्या तपासता येतात, सार्वजनिक किल्ली क्रेटच्या माहितीत असते. ही व्यवस्था चांगली आहे, पण लेखकाने सही केली असेल तरच.

दोन मार्ग एकत्र वापरायला हरकत नाही, फक्त एकच टूल दोन्हीकडून आणू नका. ॲप्टचं आरजी युझर-बिनमध्ये आणि बिनस्टॉलचं होममधल्या कार्गो-बिनमध्ये असलं की पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) जे आधी येईल ते चालतं, आणि तुम्ही भलत्याचंच अपडेट करत बसता. ‘व्हिच -ए आरजी’ दिलं की दोन्ही पत्ते दिसतात. एक काढून टाका, आणि त्यानंतरही बॅश जुन्याच पत्त्यावर जात असेल तर ‘हॅश -आर’ द्या.