नर्मदा परिक्रमेपूर्वी केस किती ठेवावेत : प्रतापनगरातील एका पार्लरचा अनुभव

पायी नर्मदा परिक्रमेला, म्हणजे दोन्ही तटांवरून नदीच्या प्रदक्षिणेला, निघणाऱ्या बाईला सॅक कोणती घ्यावी, बूट किती रुळलेले असावेत, पांघरूण किती जाड असावे, हे सांगणारे नागपुरात पुष्कळ भेटतात. केस किती ठेवावेत, हे मात्र कोणी नीट बसून सांगत नाही. माझ्या दृष्टीने हा प्रश्न लहान नव्हता. संकल्प केल्यावर परिक्रमा पूर्ण होईपर्यंत केस आणि नखे कापायची नाहीत असा प्रघात आहे, आणि तो मला मनापासून पाळायचा होता. म्हणजे ओंकारेश्वरला जेवढे केस घेऊन मी निघणार, तेवढेच वाढत वाढत सुमारे २६०० किलोमीटर माझ्यासोबत येणार होते, आणि लांबी ठरवण्यात चूक झाली तर वाटेत ती दुरुस्त करता येणार नव्हती.

अशी चूक मी एकदा करून बसले आहे. काही वर्षांपूर्वी हिमालयातील एका ट्रेकला जाण्याआधी नागपुरातीलच दुसऱ्या एका पार्लरमध्ये मी केस हनुवटीपर्यंत कापून घेतले. ‘ट्रेकिंगसाठी हेच सोयीचे’ असे तेथील मुलीने खात्रीने सांगितले होते आणि आरशात ते दिसतही होते छान. चढावर वाकून चालू लागले तेव्हा दोन्ही बाजूंच्या बटा घामाने गालाला चिकटू लागल्या. त्या बांधता येत नव्हत्या, कानामागे ठरत नव्हत्या, आणि आकडे लावले तर टोपीखाली टोचत होते. दोन्ही हात काठ्यांमध्ये अडकलेले असताना दर पाच मिनिटांनी चेहऱ्यावरचे केस सारण्यासाठी थांबणे किती दमवणारे असते, हे मी तेव्हा शिकले. हनुवटीची लांबी ही लांबच्या चालीसाठी सर्वांत गैरसोयीची लांबी आहे, असे माझे स्पष्ट मत तेव्हापासून झाले आहे.

परिक्रमेच्या तयारीत असताना, दरवर्षी वारीला जाणाऱ्या शेजारच्या काकूंनी मला प्रतापनगरातल्या या पार्लरमध्ये पाठवले. पहिल्या मजल्यावरची एकच खोली, एकच खुर्ची, खिडकीत कोरफडीची कुंडी आणि भिंतीवर दरपत्रक, एवढाच त्याचा थाट आहे. पार्लर चालवणाऱ्या ताई साधारण माझ्याच वयाच्या, पन्नाशीच्या आसपासच्या आहेत. मी कंबरेपर्यंतची वेणी सोडून खुर्चीत बसले आणि सरळ म्हणाले, ‘ताई, अगदी बारीक करून टाका, चार महिने डोक्याला ताप नको.’ त्यांनी कात्री उचललीच नाही. ‘कापाले वेळ नाही लागत ताई, वाढाले लागते,’ असे म्हणून त्यांनी मला विचारले की किती दिवस चालणार, डोक्यावर काय घालणार, रात्री कोठे झोपणार, केस धुवायला गरम पाणी मिळेल का, आणि पाठीवरची सॅक कशी आहे. शेवटचा प्रश्न मला कोणत्याही पार्लरमध्ये कधी कोणी विचारलेला नव्हता. त्यांनी मला त्या दिवशी केस न कापताच परत पाठवले आणि दुसऱ्या दिवशी सॅक भरून घेऊन यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी आठ किलोची सॅक पाठीवर घेऊन तो जिना चढून गेले. ताईंनी आधी माझ्या दोन वेण्या घातल्या, मग मला सॅक अडकवून उभे राहायला, वाकायला, मान वर करून छताकडे पाहायला सांगितले. सॅकचा वरचा कप्पा मानेला कोठे टेकतो, खांद्याचा पट्टा गळ्याच्या किती जवळून जातो, छातीवरचे बकल कोठे येते, हे त्यांनी बोटांनी चाचपून पाहिले. एका वेणीचे टोक पट्ट्याखाली अडकले आणि मान वळवताच केस मुळापासून ओढले गेले. ते पाहून त्यांनी त्याच जागी खडूने पट्ट्यावर खूण केली. अंबाडा घालून पाहिला तर तो सॅकच्या वरच्या कप्प्यावर आपटत होता आणि मान मागे जाऊ देत नव्हता. एकच वेणी पाठीवर सोडली तर ती पाठ आणि सॅक यांच्या मध्ये दबत होती. दिवसभराच्या घर्षणाने मानेपाशी जो गुंता होतो, तो विंचरून सुटत नाही, कातरावाच लागतो, आणि मला तर कात्री लावायची नव्हती. दोन वेण्या पुढे छातीवर घेतल्या, त्यांची टोके बकलाच्या वर राहिली, तेव्हा कोठेच काही अडले नाही. तीच लांबी त्यांनी पक्की केली, पण कापताना आणखी दोन इंच वर गेल्या. कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, चार महिन्यांत दोन इंच होतील, आणि परतताना वेणीचे टोक बकलात यायला नको.

ही एक गोष्ट मला एरवी सुचलीच नसती. आपण लांबी ठरवतो ती निघण्याच्या दिवसाची, आणि वागवतो ती शेवटच्या दिवसाची. मुलांसारखे बारीक कापलेले केस पहिल्या महिन्यात फार सुखाचे असतात: घाम लगेच वाळतो, मग्गाभर पाण्यात डोके धुऊन होते, कंगवाही लागत नाही. परंतु दोन-तीन महिन्यांनी ते नेमके कपाळावर आणि कानांवर येतात आणि बांधण्याइतके झालेले नसतात. शिवाय मान उघडी राहते आणि उन्हाने भाजते. आठवड्याभराच्या ट्रेकसाठी, किंवा वाटेत केस कापायला मोकळीक असलेल्या चालीसाठी मी बारीक केसांची शिफारस आजही करीन. परिक्रमेसाठी करणार नाही. खांद्याखाली चार बोटे, म्हणजे घट्ट न ओढता दोन वेण्या बसतील इतके कमीत कमी केस, ही माझ्यासाठी योग्य लांबी ठरली.

कापण्यापूर्वी ताईंनी दोन्ही वेण्यांना वर आणि खाली रबर बांधून मगच कात्री चालवली, त्यामुळे कापलेले केस विखुरले नाहीत. कर्करुग्णांच्या विगसाठी केस स्वीकारणाऱ्या संस्था बहुधा बारा इंच किंवा त्याहून लांब, कोरडे आणि बांधलेले केस मागतात. माझ्या वेण्या चौदा इंच भरल्या आणि ताईंनी त्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. इतकी वर्षे सांभाळलेले केस असे हातात घेताना मला भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात मी सॅक घेऊन नागपूर ते रामटेक असे दोन दिवस चालून आले आणि गडाच्या पायऱ्याही चढले. त्या चालीत डाव्या बाजूचे काही केस वेणीतून निसटत होते. ताईंनी ते पुन्हा पाहून सारखे करून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी ‘चालून या, मग दाखवा’ असे सांगून ठेवले होते.

प्रत्यक्ष वाटेवर ही लांबी कशी ठरली, ते सांगणे आवश्यक आहे. मी आठ-दहा दिवसांनी एकदा केस धूत असे. नर्मदा मैयाच्या पात्रात साबण लावायचा नसतो, म्हणून आश्रमातील हातपंपावर बादली भरून बाजूला बसावे लागे. कंबरेपर्यंतच्या केसांना घरी तीन बादल्या लागायच्या, येथे एकीत काम होई. त्याहून मोठा फरक वाळण्यात पडला. केस ओलेच वेणीत बांधले की मुळाशी ओल राहते, वास येतो, कोंडा होतो, आणि ओला केस ताणल्यावर लवकर तुटतोही. खांद्याखालचे केस मात्र दुपारच्या मुक्कामात तास-दीड तासात वाळत. ताईंनी भांग रोज बदलायला सांगितले होते. उत्तर तटावर उन्हात टोपी विसरून चाललेल्या एका दिवशी भांगाची रेघ लाल होऊन दुखू लागली, तेव्हा त्या सांगण्यामागचे कारण मला कळले. नर्मदेच्या उगमाशी अमरकंटकला पोहोचले तेव्हा माघाची थंडी होती. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठते. डबी काखेत धरून ते पातळ करावे लागले, आणि इतक्या कमी केसांना बोटभर तेल पुरते याचे तेव्हा फार बरे वाटले.

धर्मशाळेत ओळीने अंथरुणे टाकून झोपताना उवांची धास्ती खरी असते. ऊ उडी मारत नाही, एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर चालत जाते, त्यामुळे रात्रीही वेण्या घालून आणि वर सुती रुमाल बांधून झोपावे, असे ताईंनी सांगितले होते. लिखा फुटायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला बारीक फणी फिरवायचा नेम मी ठेवला. तिसऱ्या महिन्यात एकदा फणीत दोन उवा आल्या. केस लहान असल्याने सोबत चालणाऱ्या एका बाईंनी अर्ध्या तासात सगळे डोके पाहून दिले.

या पार्लरमध्ये दोन गोष्टी मला खटकल्या. ‘डोके हलके वाटेल’ म्हणून ताईंनी पुढच्या बाजूला लेअर, म्हणजे कमीजास्त लांबीचे थर, काढले. मी त्यावेळी काही बोलले नाही आणि ती माझीही चूक झाली. ते पुढचे केस वेणीत धरले जात नव्हते आणि जवळजवळ दोन महिने डोळ्यांवर येत राहिले. नर्मदेच्या मुखापाशी विमलेश्वरहून समुद्रातून पलीकडच्या तटावरील मिठी तलाईला जाताना नावेत वाऱ्याने तर त्या केसांनी मला रडकुंडीला आणले. लांबच्या चालीसाठी सर्व केस एकाच लांबीचे कापून घ्यावेत, लेअर आणि फ्रिंज (कपाळावर सोडलेले आखूड केस) यांना स्पष्ट नकार द्यावा. परतल्यावर मी हे ताईंना सांगितले तेव्हा त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि पुढच्या बाईला असे करणार नाही, असे म्हणाल्या. दुसरी गोष्ट वेळेची आहे. एकच खुर्ची असल्याने वेळ ठरवूनही मला पाऊण तास थांबावे लागले, आणि उन्हाळ्यात त्या खोलीत कूलरची हवा खुर्चीपर्यंत पोहोचत नाही.

कापण्याचे ३०० रुपये घेतात, धुऊन कापले तर ४०० रुपये. हत्यारे प्रत्येक वेळी पुसून निर्जंतुक करतात, कंगवा बदलतात, टॉवेल धुतलेला असतो. रोख किंवा यूपीआय चालते. सोमवारी बंद असते आणि रविवारी दुपारी मेंदीच्या मुलींची गर्दी असते, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराला जावे. सॅक रिकामी नेऊ नये, कपडे, पाण्याची बाटली, पांघरूण सगळे भरून न्यावी. जिना अरुंद आहे, तरी वर जाताना ती पाठीवरच राहू द्यावी, कारण मान कोठे अडते ते तेथेच पहिल्यांदा कळते.