आईच्या ओव्या, एसएम 57 आणि फेटहेड : नऊ महिने वापरल्यानंतर

आई बहात्तर वर्षांची आहे. तिच्या आजीकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या तिला अजून पाठ आहेत. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी लसूण सोलता सोलता तिनं सलग सात-आठ म्हटल्या, आणि मी ठरवलं की हे नीट रेकॉर्ड करायचं. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून हजारो ओव्या जमवल्या. निदान आपल्या घरातल्या तरी आपण सांभाळाव्यात, एवढाच हेतू.

सामान घरात होतंच. भाऊ कॉलेजात गिटार वाजवायचा, तेव्हाचा शुअरचा एसएम 57 मायक्रोफोन आणि दोन इनपुटचा एक जुना इंटरफेस, म्हणजे मायक्रोफोन लॅपटॉपला जोडणारी डबी. आई हातभर अंतरावर बसली, तिच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, आणि मी गेनचा, म्हणजे सिग्नल वाढवायचा, नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी मीटर जेमतेम हलला. नंतर सॉफ्टवेअरमध्ये आवाज वाढवला, तर ओवीबरोबर मागची सूं-सूंही वाढली. दोन ओळींच्या मध्ये आई श्वास घेते, तिथे तर फक्त सूं-सूंच ऐकू येत होती. मला तो श्वास हवा होता. म्हणून प्रीअँपच्या, म्हणजे मायक्रोफोनचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्राच्या, शोधाला लागले.

पहिली चूक अशी की हिशेब न करता खरेदी केली. एक स्वस्त ट्यूब प्रीअँप (जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी असलेला) जुन्यात मिळाला. 'ट्यूबमुळे आवाजाला ऊब येते' हे वाचून भुलले. या किमतीच्या बऱ्याच यंत्रांत ट्यूबला फार कमी व्होल्टेज दिलेलं असतं आणि बहुतेक गेन साध्या आयसीतून, म्हणजे चिपमधून येतो, हे मागाहून समजलं. आईच्या आवाजाला ऊब आली नाही, उलट मागे गुणगुण आली. त्यातली निम्मी गुणगुण आमच्याच भिंतीतली होती. तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. वायरमनला बोलावून ती जोडून घेतली, रेकॉर्डिंग करताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवायला लागले, आणि तेवढ्यानं मोठा फरक पडला. प्रीअँपवर पैसे घालण्याआधी हे प्रत्येकानं तपासावं असं मला कळकळीनं वाटतं. प्रीअँप मात्र मी परत विकला.

मग वही घेऊन बसले. एसएम 57 ची संवेदनशीलता -56 डीबीव्ही (एक व्होल्टच्या तुलनेत डेसिबल) आहे, म्हणजे 94 डेसिबल इतका मोठा आवाज समोर असेल तेव्हा तो एवढा सिग्नल देतो. हळू म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज फूटभर अंतरावर साधारण 65 डेसिबल धरला, तर सिग्नल -85 पर्यंत खाली जातो. माझ्या इंटरफेसचा गेन 50 डेसिबल. बेरीज केली की कळतं, मला अजून निदान वीस-पंचवीस डेसिबल हवे होते. शुअरचाच एसएम 7बी हा मायक्रोफोन ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी तर हा हिशेब आधी करावा. त्याची संवेदनशीलता -59 आहे आणि त्याला निदान 60 डेसिबल गेन द्या, असं कंपनीच सांगते.

शेवटी घेतला तो फेटहेड. नेदरलँड्सच्या ट्रायटन ऑडिओचा बोटभर लांबीचा धातूचा नळकांडा, एका टोकाला मायक्रोफोन आणि दुसऱ्याला केबल. नॉब नाही, बटण नाही. इंटरफेसमधून 48 व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे मायक्रोफोनच्या केबलमधूनच येणारी वीज, घेतो आणि सुमारे 27 डेसिबल स्वच्छ गेन देतो. अमेरिकेतला क्लाउडलिफ्टर हेच काम करतो, फक्त तो डबीच्या आकाराचा आहे.

यानं सूं-सूं का कमी होते, हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. सिग्नल आणखी वाढवला तर गोंगाटही वाढायलाच हवा ना? खरी गोष्ट अशी की साखळीतला पहिला टप्पा ठरवतो. फेटहेडनं अगदी सुरुवातीलाच, स्वतःचा फारसा गोंगाट न घालता सिग्नल मोठा करून दिला की पुढे इंटरफेसला नॉब अर्ध्यावर ठेवूनही चालतं, आणि त्याची खरखर त्या मोठ्या सिग्नलच्या खाली राहते. तुमच्या इंटरफेसचा प्रीअँप मुळातच शांत असेल तर फरक थोडाच पडेल. माझ्याकडे जुना होता, म्हणून तो पहिल्याच दिवशी कानाला कळला. आता मी 24 बिटवर, सर्वांत मोठा आवाज मीटरवर -12 च्या आसपास (0 ही वरची मर्यादा) राहील असं रेकॉर्ड करते. त्याहून वर न्यायची गरजच नसते.

नऊ महिन्यांत दोन-तीन गोष्टी अंगवळणी पडल्या. साधा फेटहेड फँटम पॉवर स्वतःच वापरतो, पुढे मायक्रोफोनला जाऊ देत नाही, त्यामुळे कंडेन्सर, म्हणजे वीज लागणारा जास्त संवेदनशील मायक्रोफोन, त्याच्यावर चालत नाही. त्यासाठी वेगळं मॉडेल आहे. मायक्रोफोनलाच जोडला तर ती जोडी लांब होते आणि स्वस्त स्टँडची मान खाली वाकते, म्हणून मी मध्ये वीतभर केबल घालते. फँटम चालू-बंद करण्याआधी हेडफोनचा आवाज शून्यावर आणायचा, नाहीतर कानात धप्प बसते.

सगळंच नव्यानं घेणार असाल तर माझी वाट धरू नका. 2023 मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या स्कारलेट 2आय2 या इंटरफेसमध्ये 69 डेसिबल गेन आहे, तिथे एसएम 57 साठी वेगळं काही लागायचं कारण नाही. घेताना कागदावरच्या गोंगाटाच्या आकड्यांवरून मात्र फार डोकं शिणवू नये. चांगल्या प्रीअँपचा तो आकडा -127, -128 डीबीयू (हेही डेसिबलचंच एक माप; जितका खाली तितका शांत) असा असतो. 150 ओहमच्या साध्या रोधाचाच, केवळ खोलीच्या तापमानामुळे होणारा गोंगाट -131 च्या जवळपास आहे. त्याखाली निसर्गच जाऊ देत नाही. म्हणजे स्वस्त आणि महाग यांच्यात उरतो तो दोन-चार डेसिबलचा फरक, आणि आमच्या रस्त्यावरची रिक्षा त्याच्या कितीतरी वर असते.

कंडेन्सरची गोष्टच निराळी. ऑडिओ-टेक्निकाचा एटी 2020 हा एसएम 57 पेक्षा सुमारे 19 डेसिबल जास्त सिग्नल देतो, त्यामुळे प्रीअँपचा प्रश्न जवळपास मिटतो. पण मग मायक्रोफोनचा स्वतःचा गोंगाट पुढे येतो. एटी 2020 चा 20 डेसिबल आहे, रोडच्या एनटी1-ए चा 5. हळू आवाजासाठी कंडेन्सर घेणाऱ्यांनी प्रीअँपआधी हा आकडा पाहावा. कंडेन्सर बाहेरचा आवाज 'ओढून घेतो' असं सर्रास सांगतात, ते मला पटत नाही. संवेदनशीलता वाढली की आईचा आवाजही तेवढाच वाढतो. रस्ता आणि आई यांचं प्रमाण ठरतं ते अंतरानं.

आणि अंतराचंच घोडं अडलं होतं. अंतर निम्मं केलं की 6 डेसिबल फुकट मिळतात, प्रीअँपच्या सूं-सूंवर आणि पंख्या-कुकरवरही. पण तोंडासमोर मायक्रोफोन आला की आई ताठ बसायची, आवाज बदलायचा, ओवी भाषणासारखी व्हायची. बरेच प्रयोग झाले. आता मायक्रोफोन तिच्या छातीच्या उंचीवर, थोडा बाजूला, तोंड वर करून ठेवते. साधारण वीतभर अंतर. तो तिच्या नजरेत येत नाही आणि 'प' 'भ' चे फटकेही बसत नाहीत.

मागच्या आठवड्यात एक अडचण नव्यानं लक्षात आली. म्हणताना ती रंगली की उजवा हात आपोआप खुंटा धरल्यासारखा फिरतो आणि ती सबंध अंगानं पुढे-मागे डोलते. आवाज जवळ येतो, लांब जातो. मी गेन दोन खुणा खाली आणला, डोलायला जागा राहील असा स्टँड सरकवला, आणि तिला काही बोलले नाही.