सीआरटी कापायचं नायक्रोमचं मशीन: कटपेक्षा सक्शन बघून घ्या

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूरच्या भंगार गोडाऊनमध्ये डब्बा टीव्ही आणि जुने मॉनिटर अजून येतात. योकचं (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलचं) तांबं, बोर्ड, लोखंड हातोहात जातं. मागे उरते ती पिक्चर ट्यूब, म्हणजेच सीआरटी. तिची पुढची आणि मागची काच वेगळी करणारं, विजेवर तापणाऱ्या नायक्रोम तारेचं टेबल मशीन हा आपल्या भागासाठी सगळ्यात व्यवहार्य पर्याय आहे. पण बाजारात ते ज्या रूपात विकलं जातं, त्या रूपात घेण्यासारखं नाही.

आधी काच दोन भागांत का करायची? पुढच्या जाड काचेत बेरियम आणि स्ट्रॉन्शियम असतं, शिसं जवळजवळ नसतं. मागच्या फनेलमध्ये शिशाचं ऑक्साइड 22 ते 25 टक्के, आणि दोन्ही काचा जोडणाऱ्या फ्रिटमध्ये 70 टक्क्यांच्या वर. म्हणून कट फ्रिटच्या रेषेवर नको, किंचित पुढच्या काचेच्या बाजूला हवा. शिसं सगळं फनेलकडे राहतं आणि पुढची काच स्वच्छ निघते. ब्लॅक अँड व्हाइट ट्यूबला फ्रिट नसतं, रंगीत ट्यूबच्या पडद्यामागे असते ती पत्र्याची बारीक जाळीही नसते. ती या टेबलावर रंगीत ट्यूबसोबत मिसळू नये.

ट्यूब टेबलावर येण्याआधीचं काम मशीन करत नाही, आणि अपघात तिथेच होतात. ईएचटीच्या, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या वायरच्या, रबरी टोपीखाली अर्थिंगची वायर लावलेला इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर सरकवून चार्ज उतरवायचा. मग मानेवरचा प्लास्टिकचा सॉकेट काढून पिनांच्या मधली बारीक काचेची नळी पकडीने मोडायची. सूंऽ करत हवा आत गेली की व्हॅक्यूम संपला. हा आवाज ऐकल्याशिवाय कडेच्या लोखंडी पट्टीला ग्राइंडर लावायचा नाही. ती पट्टीच ट्यूबला फुटण्यापासून आवळून धरते.

पट्टीखालचा चिकट टेप पूर्ण खरवडा. टेपचा तुकडा राहिला तर तार तिथे काचेला टेकत नाही, तेवढी जागा थंड राहते आणि तडा रेषा सोडून फनेलमध्ये शिरतो. आधी काचेवर कटरने गोल ओरखडा, मग तार, अर्धा ते एक मिनिट ताप, मग गार हवेचा झोत. टक् आवाज होतो आणि तडा ओरखड्यावरून पळत फिरतो. फ्लॅट ट्यूबची काच जाड, तिला वेळ जास्त लागतो.

तार तापली की लांबते. स्प्रिंगचा ताण नसलेलं मशीन घेऊ नका; सैल तार कोपऱ्यांवर उचलते आणि 21 इंची ट्यूबचे कोपरेच आधी फुटतात. दुसरी अडचण विजेची. ताप व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो: 230 चे 190 व्होल्ट झाले की उष्णता जवळपास 32 टक्क्यांनी घटते आणि टायमरवर लावलेली वेळ फसते. स्टॅबिलायझर किंवा डिमरस्टॅट (व्होल्टेज हाताने कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) पहिल्या दिवसापासून लावा. खानापूरच्या पावसात उघड्यावर ठेवलेली ट्यूब थेट टेबलावर घेऊ नये. ओल्या काचेवर तडा भरकटतो. बाकी दुरुस्ती सोपी. ट्रान्सफॉर्मर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुठलाही चांगला वाइंडिंगवाला भरून देतो, फ्रेमही तिथेच बनते. या मशीनची खरी ताकद हीच. डायमंड ब्लेडचा कट जास्त सरळ येतो, पण ब्लेड झिजतं आणि थंड करायचं पाणी शिशाच्या चिखलाचं होतं. ते पाणी कुठे सोडणार? गटारात तर नाहीच.

आता मुख्य मुद्दा. जाळी उचलली की आत चंदेरी अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा दिसतो, आणि त्याखाली पिठासारखी पांढुरकी पूड. हाच फॉस्फर: झिंक सल्फाइड, यिट्रियमची संयुगं, फार जुन्या ट्यूबमध्ये कॅडमियमही. स्वस्तातले विक्रेते टेबल देतात आणि सक्शन 'ऑप्शनल' म्हणतात. ते ऑप्शनल नाही. काम करणाऱ्याच्या तोंडापासून हवा पलीकडे ओढणारा हूड, आधी प्री-फिल्टर, मग अगदी बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर, आणि फिल्टर तुंबल्याचं दाखवणारा गेज, एवढं असेल तरच मशीन पूर्ण. पूड ब्रश लावलेल्या सक्शन पाइपनेच काढायची. कॉम्प्रेसरची हवा मारली की ती अख्ख्या शेडमध्ये उडते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर तिला मागून पुन्हा बाहेर फेकतो. फिल्टर झटकून परत लावू नका. कापडी मास्क इथे कुचकामी आहे, पी100 दर्जाचा बंद बसणारा मास्क लागतो. मजूर रोज आठ तास त्या टेबलाशी वाकून असतो, आणि तीच पूड अंगावरच्या कपड्यांतून त्याच्या घरातल्या पोरांपर्यंत जाते. सक्शनवर पैसे वाचवणं माफ करण्यासारखं नाही.

एलसीडी या मशीनवर आणू नका. जुन्या एलसीडीच्या मागच्या बारीक दिव्यांत पारा असतो, त्याला वेगळं टेबल आणि वेगळी हवा लागते.

काचेचा हिशोब मशीन घेण्याआधी करा. नव्या पिक्चर ट्यूब बनत नाहीत, त्यामुळे फनेलची काच परत ट्यूबमध्ये जात नाही. ती शिसं काढणाऱ्या अधिकृत भट्टीकडे, नाहीतर बंगळुरूजवळच्या डाबसपेठसारख्या धोकादायक कचऱ्याच्या प्रकल्पात जाते. बेळगावहून डाबसपेठचं अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ट्रकभाडं प्रत्येक ट्यूबच्या खर्चात धरावं लागतं. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी हवी, आणि माल साधारणपणे 180 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. कागलची हद्द ओलांडून फनेलची काच महाराष्ट्रात पाठवायची तर दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचे कागद आधी पूर्ण करा, गाडी नंतर भरा.

डेमोला जाताना आपल्याच गोडाऊनमधल्या 14, 21 आणि 29 इंची ट्यूब घेऊन जा, एखादी फ्लॅटही. विक्रेत्याने निवडून ठेवलेल्या ट्यूबवर प्रत्येक मशीन छान चालतं. कट झाल्यावर हूडखाली अगरबत्ती धरा. धूर सरळ आत ओढला गेला नाही तर दर विचारण्याआधीच परत फिरा.